वळिवड्याची पोलिश मुले



17 सप्टेंबर ही तारीख आपल्या घरांत कोणाला सांगावी लागत नाही. 1948 साली त्या दिवशी निजामी राजवट संपली. आपल्या आजोबांच्या पिढीने त्यानंतर काळ मोजला तो ‘ॲक्शनच्या आधी’ आणि ‘ॲक्शननंतर’ असाच. याच तारखेशी दुसऱ्या एका देशाचेही असेच नाते आहे, मात्र तेथे ती आनंदाची नाही. 1939 साली 1 सप्टेंबरला जर्मनीने पश्चिमेकडून पोलंडवर हल्ला केला आणि 17 सप्टेंबरला सोव्हिएत फौजा पूर्वेकडून आत शिरल्या. त्या दिवशी पूर्व पोलंडमधल्या ज्या मुलांचे घर हरवले, त्यांतली काही हजार मुले पुढे चार वर्षांनी कोल्हापूरजवळच्या वळिवडे गावी येऊन पोहोचली आणि जवळजवळ पाच वर्षे मराठी मुलखात वाढली. आजचे व्याख्यान त्यांच्याविषयी आहे. शेवटी मी आपल्या हैदराबादकडे परत येणार आहे, कारण त्या मुलांच्या कथेतून निघणारा एक प्रश्न आपल्यालाच विचारावा लागतो.

प्रथम ती मुले येथवर आली कशी, ते पाहू. 10 फेब्रुवारी 1940 च्या कडाक्याच्या थंडीत पूर्व पोलंडमधून कुटुंबेच्या कुटुंबे उचलून मालगाड्यांत भरण्याचे काम सुरू झाले. जून 1941 पर्यंत अशा चार मोठ्या लाटा आल्या. सोव्हिएत कागदपत्रांवरून काढलेला हद्दपारांचा आकडा तीन लाखांच्या वर जातो. शेतकरी, वनरक्षक, शिक्षक आणि पोलिसांची ही कुटुंबे उत्तर रशियाच्या जंगलांत, सैबेरियात आणि कझाकस्तानच्या गवताळ मुलखात नेऊन सोडण्यात आली. मोठ्यांनी झाडे तोडायची, मुलांनी भाकरीच्या रांगेत उभे राहायचे, असे आयुष्य सुरू झाले. जून 1941 मध्ये हिटलरने रशियावरच हल्ला केला आणि सारे चित्र पालटले. 30 जुलै 1941 रोजी लंडनमधले पोलिश सरकार आणि मॉस्को यांच्यात करार झाला. हद्दपारांना ‘माफी’ मिळाली, आणि जनरल अँडर्स यांच्या नेतृत्वाखाली पोलिश सैन्य उभे करायला परवानगीही मिळाली. अपराध काहीच नसताना माफी कसली, हा प्रश्न विचारण्याच्या स्थितीत तेव्हा कोणी नव्हते. हे सैन्य जिकडे जाईल तिकडे आपणही जायचे, एवढेच बायका-मुलांना ठाऊक होते.

लोक दक्षिणेकडे, मध्य आशियाकडे सरकू लागले. वाटेत टायफस होता, हगवण होती आणि उपासमार होती. कित्येक आयांनी आपली मुले पोलिश अनाथाश्रमांच्या दारात आणून सोडली, कारण तेथे निदान एक वाटी सूप मिळे. म्हणून या कथेत ‘अनाथ’ हा शब्द सैल अर्थाने घ्यावा लागतो. कोणाचे दोन्ही पालक गेले होते, कोणाची आई गेली होती आणि वडील सैन्यात होते, तर कोणाची आई जिवंत असूनही तिचा पत्ता नव्हता. 1942 च्या मार्च-एप्रिलमध्ये आणि पुन्हा ऑगस्टमध्ये अँडर्स यांचे सैन्य कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणच्या पहलवी बंदरात उतरले. सैनिकांबरोबर हजारो बायका-मुलेही बाहेर पडली. सैन्य पुढे इराक, पॅलेस्टाइन, इजिप्तमार्गे इटलीच्या रणभूमीवर गेले. या मुलांचे काय करायचे, हा प्रश्न मात्र इराणात तसाच उरला.

जगाने त्याचे उत्तर तुकड्यातुकड्यांनी दिले. टांगानिकात टेंगेरू येथे वसाहत उभी राहिली. न्यूझीलंडने 1944 मध्ये 733 मुले पाहियाटुआ गावी नेली. मेक्सिकोने सांता रोसाची जागा दिली. हिंदुस्थानने मात्र या सर्वांच्या आधी दार उघडले होते. मुंबईत पोलंडचे महावाणिज्यदूत बानासिन्स्की आणि रेडक्रॉसचे काम पाहणाऱ्या त्यांच्या पत्नी कीरा बानासिन्स्का यांनी मदतीचे सामान मालमोटारींवर घालून अश्गाबादच्या दिशेने पाठवले. परत येताना त्याच मोटारींनी मुलांची पहिली तुकडी इराणच्या वाळवंटातून बलुचिस्तानमार्गे हिंदुस्थानात आणली. पोलंडची लाडकी गायिका हांका ओर्दोनुव्ना त्यांच्या सोबतीला होती. 1942 च्या वसंतात ही मुले मुंबईत वांद्र्याला उतरली आणि त्याच वर्षी जामनगरजवळ बालाचडी येथे त्यांच्यासाठी वस्ती तयार झाली. नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी तेव्हा नरेंद्रमंडळाचे प्रमुख होते. त्यांनी स्वतः जागा दिली आणि इतर संस्थानिकांकडून व धनिकांकडून मदतही मिळवली. ‘मी तुमचा बापू आहे’ असे त्यांनी मुलांना सांगितले, ही आठवण त्या मुलांनी म्हातारपणापर्यंत जपली.

बालाचडी मुख्यतः अनाथ मुलांची होती आणि तेथे मुले शेकड्यांनी मोजली जात. वळिवड्याचा प्रश्न मोठा होता. इराणातून कराचीमार्गे येणारी बिनपुरुषांची कुटुंबे आता हजारांनी मोजावी लागत होती. त्यांच्यासाठी कोल्हापूर संस्थानात, पंचगंगेच्या खोऱ्यात, मिरज-कोल्हापूर रेल्वेच्या कडेची जागा निवडण्यात आली. 1943 च्या मध्यापासून माणसे येऊ लागली आणि लवकरच वस्ती पाच हजारांच्या घरात गेली. त्यांत बहुसंख्य बायका आणि मुलेच होती. त्या वेळी कोल्हापूरच्या गादीवरही एक लहान बालकच होते आणि कारभार रीजन्सीकडे होता.

येथे थोडे थांबले पाहिजे. या कथेला पुढे सगळीकडे गोड पाक चढवला गेला आहे आणि इतिहासाच्या अभ्यासकाने तो जरा खरवडून पाहावा. हे वर्ष 1943 चे आहे. त्याच वर्षी बंगालमध्ये लाखो माणसे भुकेने मेली आणि मुंबई इलाख्यात विजापूरकडे दुष्काळ होता. काँग्रेसचे नेते तुरुंगात होते. पोलिश निर्वासितांना जागा देण्याचा निर्णय काही हिंदी जनतेला विचारून झाला नव्हता. तो साम्राज्य सरकारचा निर्णय होता आणि वळिवड्याचा खर्च लंडनमधल्या पोलिश सरकारच्या नावे पडत होता. तेव्हा ‘आपण त्यांना पोसले’ असे म्हणणे खरे होणार नाही. मग कोल्हापूरच्या माणसांनी काय दिले? त्यांनी शेजार दिला. ज्या देशात आपलीच मुले अर्धपोटी होती, त्या देशात पाच हजार परक्यांची वस्ती पाच वर्षे निर्धास्त नांदली, बाजारात वावरली आणि आगगाडीने ये-जा करीत राहिली. हा शेजार कमी मोलाचा नव्हता.

आणखी एक गोष्ट विसरता कामा नये. या मुलांचे वडील आणि भाऊ इटलीत लढत होते. मे 1944 मध्ये मॉन्टे कॅसिनोचा डोंगर पोलिश सैन्याने घेतला. त्याच इटलीत मराठा लाइट इन्फंट्रीच्या पलटणीही होत्या. रायगड जिल्ह्यातले नाईक यशवंत घाडगे जुलै 1944 मध्ये तेथेच धारातीर्थी पडले, आणि नगर जिल्ह्यातले नामदेव जाधव एप्रिल 1945 मध्ये सेनिओ नदीकाठी अतुलनीय शौर्य गाजवून परत आले. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. म्हणजे वळिवड्याच्या पोलिश घरातली आई इटलीहून येणाऱ्या टपालाची जशी वाट पाहत होती, तशीच मराठी खेड्यांतली एखादी आईही पाहत होती. दोघींची भाषा वेगळी असली तरी पोस्टमनकडे पाहण्याची नजर वेगळी नसणार.

आता वस्तीच्या आत जाऊ. बैठ्या बराकींच्या लांबच लांब रांगा होत्या. प्रत्येक कुटुंबाला राहण्याची जागा, चूल आणि पुढे ओसरी मिळे, आणि बहुतेकांनी ओसरीपुढे बाग लावली होती. दवाखाना, चर्च, सहकारी दुकान, अग्निशमन दल, नाटकघर आणि अनाथ मुलांचे वसतिगृह अशी सारी सोय होती. पण माझे लक्ष वेधून घेतात त्या तेथल्या शाळा. प्राथमिक शाळा होत्या, माध्यमिक शाळा होती, पुढच्या परीक्षेची तयारी करणारे वर्ग होते आणि हातकामाचे शिक्षणही होते. 1940 ते 1942 या काळात या मुलांचे शिक्षण तुटले होते, आणि ज्यांना मिळाले त्यांना ते रशियन भाषेतून मिळाले होते. कोणाची दोन, कोणाची तीन वर्षे गेली होती. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाने दहा वर्षांच्या मुलाबरोबर बसून पहिल्यापासून अक्षरे गिरवायची, ही गोष्ट सोपी नाही. निर्वासितांच्या पोलिश शाळांसाठी पाठ्यपुस्तके जेरुसलेमला छापली जात आणि तेथून दूरदूरच्या वसाहतींना पुरवली जात. मुंबईहून ‘हिंदुस्थानातला पोल’ अशा अर्थाच्या नावाचे पोलिश नियतकालिक निघे.

शाळेच्या बरोबरीने होती बालवीर चळवळ. वळिवड्याला बालवीर आणि वीरबाला यांची पथके जोरात होती. त्यांना घडवण्यासाठी आलेल्यांत झ्जिस्वाव पेश्कोव्स्की हे तरुण अधिकारी होते. 1940 मध्ये कातिनच्या जंगलात आणि इतरत्र हजारो पोलिश अधिकाऱ्यांना सोव्हिएत पोलिसांनी गोळ्या घातल्या. त्यांच्याच छावणीतल्या कैद्यांपैकी वाचलेल्या थोड्यांमध्ये पेश्कोव्स्की होते. पुढे ते धर्मगुरू झाले आणि 1990 नंतर कातिनच्या थडग्यांवर उभे राहून त्यांनी आपल्या मृत सहकाऱ्यांसाठी प्रार्थना केली. असा माणूस कोल्हापुरात मुलांना तंबू ठोकायला, शेकोटीभोवती गाणी म्हणायला आणि दिलेला शब्द पाळायला शिकवीत होता. युद्धाने मुलांचे सर्वांत मोठे नुकसान केले होते ते त्यांचा मोठ्या माणसांवरचा विश्वास उडवून. तो परत मिळवण्याचे काम औषधाच्या बाटलीने होत नाही. रोज ठरल्या वेळी घंटा वाजते, रोज तेच गुरुजी वर्गावर येतात आणि शनिवारी पथकाचे संचलन होते, अशा साध्या क्रमानेच तो परततो.

ज्यांच्या छातीत दोष निघाला अशा मुलांना पाचगणीच्या हवेत पाठवले जाई. कोल्हापूरच्या बाजारात भाजीवाल्यांनी आणि दुकानदारांनी कामापुरती पोलिश उचलली होती, हे जुनी माणसे अजून सांगतात. पोलिश मुलांनाही मराठी शब्द येऊ लागले. वस्ती मोडल्यावर एखादी मुलगी येथेच लग्न करून राहिली आणि पुरती कोल्हापूरची झाली. पण अशी उदाहरणे थोडी. बहुतेकांनी आपले पोलिशपण शाबूत ठेवले आणि ते ठेवू नये असे कोणीही त्यांना सांगितले नाही. त्यांची शाळा त्यांच्या भाषेत, त्यांचा देव त्यांच्या पद्धतीने आणि त्यांचे सण त्यांच्या पंचांगाप्रमाणे चालले.

मला या कथेत मुख्य दिसते ते हेच. संकटात सापडलेल्या मुलाला आपण जवळ घेतो तेव्हा त्याला आपल्यासारखे करून टाकण्याचा मोह फार असतो. त्याचे नाव बदलावे, भाषा बदलावी, जुने विसरायला लावावे आणि यालाच माया म्हणावे. वळिवड्याला तसे झाले नाही. तेथे मुलांना छप्पर मिळालेच, शिवाय आपले आपण राहण्याची मोकळीकही मिळाली. त्या मोकळिकीतूनच पुढे शिक्षक, इंजिनियर, डॉक्टर आणि पाद्री निघाले.

या मोकळिकीचे मोल हैदराबादच्या मराठी माणसाला समजावून सांगायला नको. येथे राजभाषा उर्दू, विद्यापीठ उर्दूचे, खासगी शाळा काढायची तर परवानगी आणि सभा घ्यायची तर गश्ती निशान 53 आडवे. तशा दिवसांत आपल्या वाडवडिलांनी विवेकवर्धिनीसारखी शाळा चालवली, ग्रंथालये चालवली आणि गणेशोत्सवांतून नाटके केली. शाळा, ग्रंथालय आणि रंगमंच या तीन खांबांवर परक्या भाषेच्या मुलखात समाज उभा राहतो, हे आपण अनुभवाने जाणतो. वळिवड्याच्या पोलिश बायकांनी नेमके हेच तीन खांब आधी रोवले. आणखी एक आठवण येथे समर्पक आहे. 1938 मध्ये ‘वंदे मातरम्’ म्हटल्याबद्दल उस्मानिया विद्यापीठातून आपली मुले काढून टाकली गेली, तेव्हा कुलगुरू टी. जे. केदार यांच्या नागपूर विद्यापीठाने त्यांना प्रवेश दिला. त्यातल्या कित्येकांचे शिक्षण वाचले ते या एका निर्णयामुळे. वर्ष बुडू न देणे ही मदत कपड्यालत्त्यापेक्षा मोठी असते.

युद्ध 1945 मध्ये संपले, पण वळिवड्याचा प्रश्न संपला नाही. याल्टाच्या करारानंतर ल्वूफ आणि विल्नो ही शहरे आणि आसपासचा मुलूख सोव्हिएत संघात गेला. म्हणजे यांतल्या बहुतेक मुलांचे गाव आता पोलंडमध्येच नव्हते. जुलै 1945 मध्ये ब्रिटनने वॉर्सातल्या नव्या सरकारला मान्यता दिली आणि लंडनच्या सरकारची मान्यता काढून घेतली. एका दिवसात वाणिज्यदूतांची सही निरुपयोगी झाली. मुले परत पाठवा, असा आग्रह सुरू झाला. तेव्हा बालाचडीतल्या अनाथ मुलांना सक्तीने कोणी नेऊ नये म्हणून जामसाहेबांनी, वस्तीप्रमुख फादर प्लूटा आणि ब्रिटिश अधिकारी क्लार्क यांच्यासह, त्यांचे कायदेशीर पालकत्व पत्करले. मायेचा शब्द कागदावर आणि शिक्क्यासह उमटला, म्हणून तो उपयोगी पडला. 1946 मध्ये बालाचडी बंद झाली आणि तेथली मुले वळिवड्याला आली. खर्चाची जबाबदारी आंतरराष्ट्रीय मदत संस्थांकडे गेली. 1948 पर्यंत वस्ती रिकामी झाली. थोडी माणसे पोलंडला परतली. बाकीची इंग्लंड, अमेरिका, ऑस्ट्रेलिया, कॅनडा अशी पांगली.

रिकाम्या बराकी फार दिवस रिकाम्या राहिल्या नाहीत. फाळणीनंतर सिंधमधून सर्वस्व गमावून आलेली कुटुंबे तेथे वसवण्यात आली. आजचे गांधीनगर, कोल्हापूरची कापडाची मोठी पेठ, ते हेच. एका युद्धातल्या मुलांनी लावलेल्या बागांत दुसऱ्या आपत्तीतली मुले खेळली.

आता हैदराबाद. वळिवडे रिकामे झाले त्याच वर्षी आपल्या संस्थानात काय चालले होते? रझाकारांच्या भयाने मराठवाड्यातली कुटुंबे सोलापूर, बार्शी, नगरकडे निघून गेली होती. मुले मामाच्या, मावशीच्या किंवा ओळखीच्याही घरी ठेवली जात होती. सप्टेंबरनंतर सूडाची लाट उलट फिरली. पंतप्रधान नेहरूंनी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांच्या समितीने त्या वर्षाच्या अखेरीस जिल्ह्याजिल्ह्यांत फिरून अहवाल दिला. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड हे जिल्हे सर्वांत जास्त पोळले होते. मृतांचा समितीचा अंदाज हजारांत आहे, आणि मोडलेली कुटुंबे व पालकांपासून तुटलेली मुले यांचाही त्यात उल्लेख आहे. तो अहवाल कित्येक वर्षे प्रसिद्धच झाला नाही.

या दोन्ही बाजूंच्या मुलांची नोंद कोठे आहे? वळिवड्याच्या मुलांनी मोठेपणी आपली संघटना केली, आठवणी लिहिल्या, छायाचित्रे गोळा केली आणि कोल्हापुरात स्मारक उभारले. 2019 मध्ये त्यांतले काही वृद्ध पुन्हा वळिवड्याला येऊन गेले. 2024 च्या ऑगस्टमध्ये आपल्या पंतप्रधानांनी वॉर्सात जामसाहेबांच्या, कोल्हापूरच्या आणि मॉन्टे कॅसिनोच्या अशा तीनही स्मारकांना फुले वाहिली. कोल्हापूरचे नाव वॉर्साच्या दगडावर कोरले गेले, कारण तेथे राहिलेल्या मुलांनी ते विसरू दिले नाही. आपल्या 1948 च्या मुलांनी लिहिले नाही, कारण त्यांना कोणी विचारले नाही. त्या वेळी आठ-दहा वर्षांची असलेली माणसे आज पंच्याऐंशीच्या पुढे आहेत.

म्हणून या व्याख्यानाच्या शेवटी आपल्याकडे एकच मागणे आहे. काचीगुडा, इसामिया बाजार, सुलतान बाजार, गौलीगुडा, शालीबंडा येथल्या आपल्या जुन्या घरांत त्या वर्षी कोणाकोणाची मुले राहून गेली, ती कोणत्या गावची होती, कोणत्या धर्माची होती, किती दिवस राहिली, कोणत्या शाळेत गेली आणि पुढे त्यांचे काय झाले, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. आपल्या घराने दार उघडले असेल तर ते लिहा. उघडले नसेल आणि त्याची रुखरुख कोणाच्या मनात असेल, तर तेही लिहा. दोन पाने झाली तरी चालतील. तारीख आठवत नसेल तर ऋतू लिहा, पूर्ण नाव आठवत नसेल तर हाकेचे नाव लिहा. पुढच्या वर्षीच्या व्याख्यानाला विषय म्हणून ती पाने पुरेशी होतील.